आधी अंडी, मग अमेरिका : वंशभेदावरचे घरगुती सिनेमे आणि पुस्तकं गटात बघायची-वाचायची रीत

रविवारी संध्याकाळी सात-आठ जणांनी कोणाच्या तरी घरी जमायचं, एखादा सिनेमा बघायचा किंवा वाचून आलेल्या पुस्तकावर बोलायचं. कोथरूडमधला आमचा गट हेच करतो, आणि आता इतर गटांतली मंडळी फोन करून विचारतात, "आमचं कुठे चुकतं?" चुकतं ते साधारण एकाच जागी. सिनेमा असतो एका ड्रायव्हरचा, त्याच्या बायकोचा, सकाळच्या नाश्त्याचा. दिवे लागतात आणि दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी घसा साफ करून म्हणतं, "वर्णद्वेष ही जागतिक समस्या आहे." झालं. पुढचा तासभर गांधी, आरक्षण, परवाची बातमी आणि कोणाच्या तरी न्यू जर्सीतल्या भाच्याचा अनुभव. ड्रायव्हरची बायको बिचारी ओट्यापाशी उभी ती उभीच.

माणसं हुशार असतात, सिनेमाही चांगला असतो. क्रम चुकलेला असतो. विषय आधी येतो आणि माणूस नंतर, किंवा येतच नाही. म्हणून हा क्रम लिहून काढते आहे.

तयारी : जमवाजमव

माणसं सहा ते आठ. दहाच्या वर गेलात की दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एका कलाकृतीला दोन बैठका, मध्ये निदान एक आठवडा. पहिलीत फक्त बघायचं, दुसरीत बोलायचं. पुस्तक असेल तर प्रत तीन आठवडे आधी प्रत्येकाच्या हातात. इंग्रजी प्रती अप्पा बळवंत चौकात हिंडून किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. एकच प्रत आठ जणांत फिरवायची काटकसर करू नका, शेवटच्या दोघांना ती बैठकीच्या आदल्या रात्री मिळते.

वेळ संध्याकाळी साडेपाचची. दुपारी एक ते चार पुण्यात काय करतात ते सांगायला नको.

जागा म्हणजे कोणाचा तरी हॉल. आम्ही पहिल्या वर्षी एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. लहान मुलं आली, मध्येच वडे आले, आणि सिनेमा अर्ध्यावर असताना एका सभासदांनी उभं राहून विचारलं, "हे असलं आपल्या सोसायटीत कशाला?" प्रश्न तसा सिनेमातल्याच एका पात्राला शोभणारा होता, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

> सावध : ओटीटीचं घरगुती सबस्क्रिप्शन घरात बघण्यासाठी असतं. क्लबहाऊस, ग्रंथालय किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये लोक बोलावून दाखवायचं असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. "तिकीट कुठे लावलंय" हा बचाव चालत नाही.

टप्पा 1 : निवड

निवडीची माझी कसोटी एकच आहे. 'वंश', 'वर्ण', 'भेदभाव' यातला एकही शब्द न वापरता गोष्ट एका वाक्यात सांगून बघा. "विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात त्यांचा वेगळा खर्च आहे." सांगता आली? मग ते माणसांचं आहे, घ्या. तो शब्द काढल्यावर हातात काहीच उरत नसेल तर तो माहितीपट आहे किंवा भाषण. त्यांचं काम वेगळं, बैठकही वेगळी.

वरचं वाक्य अमेरिकन लेखिका लोरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाचं. 1959 साली ते ब्रॉडवेवर आलं आणि 1961 साली त्यावर सिनेमा झाला. नाटकातला नट सिडनी पॉइटिए सिनेमातही त्याच भूमिकेत आहे. नव्या गटाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कारण अगदी व्यवहारी आहे. जवळजवळ सगळी गोष्ट शिकागोतल्या एका काळ्या कुटुंबाच्या घरात घडते. दोन खोल्यांची ओढाताण, बाहेरच्या पॅसेजमध्ये शेजाऱ्यांबरोबर वाटून वापरायची न्हाणी, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपणारा मुलगा. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून द्यावं लागत नाही.

दुसरा सिनेमा दिग्दर्शक फासबिंडरचा, 1974 चा जर्मन 'अली : फिअर ईट्स द सोल'. म्युनिकमध्ये साफसफाईची कामं करणारी साठीची विधवा एमी आणि तिच्याहून बराच तरुण मोरोक्कन मजूर अली लग्न करतात, एवढीच गोष्ट. तासा-दीड तासात संपतो. 'काळे-गोरे म्हणजे अमेरिका' हा समज त्याने आपोआप सुटतो.

तिसरी निवड म्हणजे पुस्तक आणि सिनेमाची जोडी, ती टप्पा 7 मध्ये सांगते.

कशाने सुरुवात करू नये तेही सांगते. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' माझा फार लाडका. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला कत्तलखान्यातला कामगार, त्याचं थकलेलं घर. त्यात दोघं जण एक जुनं इंजिन विकत घेतात, घामाघूम होत जिन्यावरून खाली आणतात, टेम्पोच्या फळीवर कसंबसं ठेवतात, आणि गाडी सुरू होताच ते मागे घरंगळून फुटतं. अख्ख्या आयुष्याचा हिशोब त्या दोन मिनिटांत आहे. पण सरळ कथानक नाही, आणि नवा गट अर्ध्या तासात मोबाईल काढतो. सहावा-सातवा सिनेमा म्हणून ठेवा.

> तपासा : गोष्ट कोणाच्या डोळ्यांतून दिसते? सोसणाऱ्याच्या, की त्याला वाचवायला आलेल्या भल्या गोऱ्या माणसाच्या? दुसऱ्या प्रकारातही उत्तम काम झालेलं आहे, पण पहिल्या तीन निवडींत तो नको. आपण मध्यमवर्गीय माणसं चटकन त्या भल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो आणि सुखावतो.

टप्पा 2 : शब्द आधी ठरवून घ्या

या टप्प्याला गट वळसा घालतात आणि मग बोलताना अडखळतात.

इंग्रजीतल्या 'रेस'ला मराठीत पुस्तकी शब्द आहे 'वंश'. पण बोलण्यातला वंश निराळाच. तो 'वंशाचा दिवा' मधला, म्हणजे कुळाचा. 'वर्ण' म्हणावं तर एकीकडे चातुर्वर्ण्य, दुसरीकडे लग्नाच्या बायोडाटामधला रकाना. वर्ण : गोरा, निमगोरा, गव्हाळ. 'सावळा' लिहायची वेळ आली की आईवडील रकानाच गाळतात. म्हणजे आपण एका शब्दात तीन वेगळी भांडणं घेऊन बसतो. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं द्या आणि ठरवा. आमचा ठराव असा : अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दल बोलताना 'वंश' किंवा सरळ 'रेस', कातडीच्या छटेबद्दल 'रंग', आणि 'वर्ण' हा शब्द बैठकीपुरता बाद.

माणसांसाठी 'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री शब्द चालतो, पण बोलताना जड होतो. 'काळी माणसं', 'काळं कुटुंब' असं साध्या सुरात म्हटलं तर काही बिघडत नाही. सूर महत्त्वाचा. जुन्या मराठी अनुवादांत 'निग्रो' सर्रास सापडतो. 1950-60 च्या कलाकृतींत पात्रं स्वतःसाठीही तो शब्द वापरतात, कारण तेव्हा तो सभ्य होता. आज आपण आपल्या बोलण्यात वापरायचा नाही. आणि त्याच्या पुढची जी शिवी आहे, ती सबटायटलमध्ये दिसली तरी मोठ्याने वाचून दाखवायची गरज नसते. 'तो शब्द' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

> सावध : त्या शिवीचं मराठी भाषांतर म्हणून इकडच्या एखाद्या जातीचं नाव वापरण्याचा मोह होतो. अजिबात नाही. एका अपमानाला समजून घेताना दुसरा घडतो, आणि खोलीतला कोण कोणत्या घरातून आलाय हे तुम्हाला ठाऊक नसतं.

टप्पा 3 : पडदा, आवाज, सबटायटल

थोडक्यात उरकते. प्रोजेक्टरपेक्षा मोठा टीव्ही बरा. आवाजाची चाचणी आदल्या दिवशी घ्या. ब्लूटूथ स्पीकरवर कधीकधी आवाज ओठांच्या मागे पडतो, अशा वेळी वायर जोडा. पंखा बंद ठेवता आला तर ठेवा, कारण या सिनेमांत लोक पुटपुटतात. चहा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. मध्ये नाही.

सबटायटल मात्र नीट बघा. अली मोडकंतोडकं जर्मन बोलतो, आणि सिनेमाचं मूळ जर्मन नावही त्याच्याच तोंडचं, व्याकरणात चुकलेलं आहे. इंग्रजी नाव शुद्ध करून टाकलंय. सबटायटलकारही पुष्कळदा अशी इस्त्री फिरवतात. एमी आणि अली यांच्यातली अर्धी कोवळीक त्या मोडक्या वाक्यांत आहे. तेव्हा सुरू करण्याआधी एवढंच सांगा, "हा जे बोलतो ते मूळ भाषेत अडखळत आहे." जर्मन येत नसलं तरी मग कान तिकडे लागतो.

टप्पा 4 : पहिल्यांदा बघताना हात रिकामे

पहिल्या बैठकीत वही-पेन नाही. आधी कोणी प्रस्तावना करायची नाही. दिग्दर्शकाचं आयुष्य, पुरस्कार, गुलामगिरीचा इतिहास, काहीही नाही. मला माहीत आहे, प्रस्तावना करणाऱ्या गृहस्थांनी चार पानं काढून आणलेली असतात. त्यांना ती दुसऱ्या बैठकीच्या शेवटी वाचू द्या, तेव्हा ती दुप्पट कळतात.

का? "हा सिनेमा घरं नाकारण्यावर आहे" असं आधी सांगितलं की प्रेक्षक घर नाकारण्याचा प्रसंग येईपर्यंत नुसता वाट बघत बसतो. 'रेझिन'मध्ये तो प्रसंग यायला बराच वेळ लागतो. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे जे खरं आहे ते, त्याला प्रस्तावना वाटतं.

सिनेमा संपला की घरी जायचं. बोलायचं नाही. पुणेकरांना ही अट अन्यायकारक वाटते, पण पाळा. जिन्यात दोन वाक्यं होणारच, तेवढी माफ.

> तपासा : दुसऱ्या दिवशी ग्रुपवर प्रत्येकाने एकच ओळ टाकायची : 'मला सारखं काय आठवतंय.' मत नको, वस्तू किंवा हालचाल हवी. "खिडकीतलं रोप" चालेल. "आईचं धैर्य" चालणार नाही.

टप्पा 5 : तीन नोंदी — पैसा, खुर्ची, गप्प

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुसऱ्या बैठकीआधी प्रत्येकाने एकच प्रसंग निवडायचा, दहा मिनिटांच्या आतला, आणि तो घरी पुन्हा बघायचा किंवा वाचायचा. पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे.

1. पैसा : या प्रसंगात कोणाच्या हातून कोणाच्या हातात काय गेलं? नोट, नाणं, ताट, किल्ली, काहीही.
2. खुर्ची : कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण दारात आहे? कोणाला बसायला सांगितलं नाही?
3. गप्प : बोलता बोलता कोण थांबलं, आणि कशानंतर?

'त्याला काय वाटलं' हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की लोक प्रसंग न बघताच भरतात.

आता हे करून दाखवते. 'रेझिन'चा पहिलाच प्रसंग घ्या, तोही नाटकाच्या संहितेतून. पहाट आहे. रूथ मुलाला उठवते, नवऱ्याला उठवते. नवरा वॉल्टर दुसऱ्याची गाडी चालवतो. ती विचारते, अंडी कशी करू? तो सांगतो, कशीही कर, पण फेटून नको. ती फेटूनच करते. मुलाला शाळेत पन्नास सेंट न्यायचे आहेत. रूथ म्हणते, माझ्याकडे नाहीत. वॉल्टर येतो, मुलाला असं सांगतात का म्हणून बायकोवर डाफरतो, खिशात हात घालून पन्नास सेंट देतो. वर आणखी पन्नास, खाऊला. मुलगा खूश होऊन जातो. मग वॉल्टर बायकोला आपलं धंद्याचं स्वप्न सांगू लागतो आणि ती म्हणते, अंडी खा. थोड्या वेळाने तो तणतणत कामावर निघतो, आणि दारातून परत येतो. बसभाड्याला पैसे नाहीत. रूथ पर्स उघडते आणि पन्नास सेंट देते.

आमच्या गटात बहुतेकांच्या 'पैसा' रकान्यात लिहिलं होतं : वॉल्टरने मुलाला दिले, रूथने वॉल्टरला दिले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "पण मग तिच्याकडे होते की!" आणि आम्ही सगळे गप्प. सकाळी मुलाला 'नाहीत' म्हणाली तेव्हाही ते पर्समध्येच होते. ती खोटं बोलत नव्हती. ते नव्हतेच, म्हणजे शाळेसाठी नव्हते. महिनाअखेरीला दुधाचे पैसे डब्यात असताना "घरात पैसे नाहीत" म्हणणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. वॉल्टरला मुलासमोर बाप दिसायचं आहे, आणि त्या दिसण्याची किंमत रूथच्या पर्समधून जाते.

या सगळ्यात रेस कुठे आहे, असा प्रश्न इथे येतो. येऊ द्या, उत्तर देऊ नका. पस्तिशीतला धडधाकट माणूस दिवसभर दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडतो आणि त्याच्या खिशात स्वतःचं बसभाडं नसतं. हे शिकागोत, त्या काळात, कोणाच्या वाट्याला आणि का येतं, हे मग लोक आपणहून विचारतात. तोपर्यंत अंडी गार झालेली असतात, पण प्रश्न योग्य दारातून आत आलेला असतो.

> नेहमीची चूक : रकान्यांत विशेषणं. "रूथ सोशिक आहे" ही नोंद नव्हे. खोडा आणि लिहा : "रूथ बोलताना इस्त्री करत राहते."

टप्पा 6 : चर्चा, चार फेऱ्यांत

एक जण वेळ राखणारा. तो त्या दिवशी मत देत नाही, फक्त घड्याळ बघतो. एकूण दीड तास.

*पहिली फेरी, वीस मिनिटं.* प्रत्येकाने आपल्या कागदावरची एकच नोंद वाचायची. कोणी मध्ये बोलायचं नाही. "मला असं वाटतं की" ने सुरू होणारं वाक्य बाद. पहिल्या दोन बैठकींत यावरून हसू होतं, तिसरीपासून सवय होते.

*दुसरी फेरी, अर्धा तास.* एकच प्रसंग निवडा आणि विचारा : त्याने हे याच क्षणी का केलं? आधी का नाही, नंतर का नाही? उत्तर प्रसंगातूनच द्यायचं. "समाजाचा दबाव" हे उत्तर नाही. समाज कोणाचा चेहरा घेऊन, कोणत्या दारातून आला ते सांगा.

*तिसरी फेरी, वीस मिनिटं.* ही महत्त्वाची आणि अवघड. ज्याचा राग आला त्या पात्राची बाजू कोणीतरी एकाने मांडायची. चिठ्ठी काढून. 'रेझिन'मध्ये तो माणूस म्हणजे लिंडनर. काळ्या कुटुंबाने गोऱ्या वस्तीत घर घेतलं म्हणून वस्तीच्या सुधारणा मंडळातर्फे तो येतो. ओरडत नाही, धमकावत नाही. टोपी हातात, आवाज मऊ, बोलणं परस्पर सामंजस्याचं. आणि मग हळूच ऑफर : आम्ही तुमच्याकडून हे घर जास्त पैसे देऊन परत घेतो. आमच्याकडे ज्यांना चिठ्ठी आली ते स्वतः एका सोसायटीच्या कमिटीवर होते. त्यांनी बाजू इतकी अस्खलित मांडली की शेवटी स्वतःच थबकले आणि म्हणाले, "हे सर्क्युलर मी लिहिलंय बहुतेक."

*चौथी फेरी, उरलेला वेळ.* पात्र कुठे वाकडं जातं? चांगल्या कलाकृतीत सोसणारा माणूस देव नसतो. 'अली'मध्ये पहिल्या भागात सगळे एमीला वाळीत टाकतात. वाणी अलीला सामान देत नाही, मुलगा रागाने टीव्ही लाथेने फोडतो, कामावरच्या बायका जेवताना लांब बसतात आणि जिन्यात ती एकटी उरते. पुढे एकेकाला गरज पडते. वाण्याला गिऱ्हाईक हवं, मुलाला नातवंड सांभाळायला आई हवी, शेजारणीला तळघरात सामान ठेवायला जागा हवी. सगळे गोड होतात. आणि मग एमी काय करते? मैत्रिणींसमोर अलीचे दंड दाखवते, त्या चाचपून बघतात. त्याला त्याच्या देशातला कुसकुस खावासा वाटतो तर म्हणते, इथलं खायची सवय कर. कामावर युगोस्लावियातून आलेली नवी बाई येते, तेव्हा तिला जिन्यात एकटं बसवणाऱ्यांत एमीही असते. इथे गट अस्वस्थ होतो. काही जण म्हणतात, दिग्दर्शकाने उगाच तिला खाली आणलं. माझ्या मते सिनेमा इथेच सुरू होतो. जी पायरी तिच्या वाट्याला आली होती तीच दुसरीला दिल्यावर तिला मैत्रिणींमध्ये जागा मिळते, आणि ते करताना तिला काही केल्यासारखंही वाटत नाही.

> सावध, आणि ही माझी स्वतःची चूक : आमच्या गटात नुकतीच आलेली एक मुलगी होती. दलित कुटुंबातली, हे मला ठाऊक होतं. चर्चा थंडावली म्हणून मी तिच्याकडे वळून म्हणाले, "तू सांग ना तुझा अनुभव." ती शांतपणे म्हणाली, "काकू, मी पण सिनेमा बघायलाच आलेय." तेव्हापासून नियम : खोलीतल्या कोणालाही कोणत्याही समाजाचा प्रतिनिधी करायचं नाही. पुण्यात शिकणारे आफ्रिकन विद्यार्थी असोत, ईशान्येकडची मुलं असोत, कोणीही. सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगतील, आणि नसेल वाटलं तर कुसकुसवर बोलतील.

टप्पा 7 : पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवताना

"पुस्तक जास्त चांगलं" हे वाक्य बोलून झालं असं धरून चाला. त्याऐवजी एक बदल शोधा आणि तो का केला ते विचारा.

नेला लार्सनची 'पासिंग' ही 1929 ची छोटी कादंबरी, शनिवार-रविवारात वाचून होते. रिबेका हॉलने 2021 मध्ये तिच्यावर सिनेमा केला. दोन मैत्रिणी, दोघीही काळ्या समाजातल्या पण रंगाने इतक्या उजळ की गोऱ्या म्हणून खपतील. एक तशी कायमची खपून राहिली आहे, नवऱ्यालाही माहीत नाही. कादंबरीत त्यांची पुन्हा भेट शिकागोच्या हॉटेलच्या गच्चीवर होते, सिनेमात ती न्यूयॉर्कला आणली आहे. सिनेमा काळा-पांढरा आहे. रंगावरच्या गोष्टीतून रंगच काढून घेतल्यावर आपण चेहऱ्याच्या छटा शोधत बसतो, म्हणजे पात्रं जे करतात तेच आपल्याकडून करवून घेतलं जातं. हे लोकांच्या लक्षात आलं की टप्पा 7 संपला. पुढे ताणू नका.

क्रम : आधी पुस्तक, मग सिनेमा. नाटकाच्या बाबतीत उलटही चालतं, कारण संहिता मुळातच नटांच्या तोंडून ऐकण्यासाठी असते.

टप्पा 8 : आपल्याकडे आणणं, पण सर्वांत शेवटी

लोक दोन टोकांनी चुकतात. एक टोक : "आपल्याकडे असलं काही नाही, तो त्यांचा प्रश्न." दुसरं टोक : "त्यांच्याकडे रेस तशी आपल्याकडे जात," आणि विषय संपला. पहिल्याला फार समजवावं लागत नाही, मघाचा बायोडाटा दाखवा. दुसरं अवघड, कारण ते अर्धं खरं आहे. ही जोडणी नवी नाही, आणि ती इथलीच आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पण अर्पणपत्रिका म्हणजे बरोबरीचं चिन्ह नव्हे.

म्हणून सरळ तुलना करायची नाही. एक मराठी कलाकृती शेजारी ठेवायची आणि तेच तीन रकाने भरायचे. 'पासिंग'च्या शेजारी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ठेवा, त्याच नावाच्या 1963 च्या संग्रहातली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी खोली शोधतोय आणि खोलीच्या वाटेत जात आडवी येते. आमच्याकडे एकाने नेहमीचं वाक्य टाकलं, "रेस दिसते, जात विचारावी लागते." ऐकायला झकास आहे. पण 'पासिंग'मध्ये रेस दिसतच नाही, हाच तर सगळा घोळ आहे. तिथेही ती शोधावी, विचारावी, कुजबुजावी लागते. एका वाक्याने दोन्ही पुस्तकं गुंडाळायला निघालेला माणूस मग पुन्हा पान उलटायला लागतो. एवढं झालं तरी बैठक वसूल.

'खुर्ची'चा रकाना भरायचा असेल तर 'फँड्री'मधला डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्या. कुटुंब डुकराला घेरत आणतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निघून जातं. कोण उभं आहे, कोण पळू शकतं, आणि पुन्हा पहिल्यापासून कोणाला धावायचंय, एवढंच लिहा.

यानंतरच पुण्याची गोष्ट काढा, आणि तीही रकान्यांतच. "शहरात भेदभाव आहे का" असा प्रश्न टाकलात तर पुन्हा भाषणं. त्याऐवजी : शेवटचा भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात तेव्हा कोणत्या क्रमाने काय विचारलं गेलं? आमच्या गटातली उत्तरं साधारण अशी जमली. आधी 'फॅमिली का', मग 'आडनाव', मग 'मूळचे कुठले', मग 'नॉनव्हेज'. एकाला आडनावानंतर पुढचं काही विचारलंच नाही, फ्लॅट नुकताच गेला होता. आणि घरमालक असलेल्या दोघांनी, बऱ्याच वेळाने, आपण काय विचारतो तेही सांगितलं.

> तपासा : या टप्प्यात खोलीतला आवाज चढला तर मूळ प्रसंगाकडे परत जा. टीव्ही लावून तो दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा दाखवा. आम्ही हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा भांडण अर्ध्यावर राहिलं, कारण भांडणाऱ्यांना नवीनच काहीतरी दिसलं.

अडलं तर

*कोणी बोलतच नाही.* विचारा : या घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं? बायका लगेच सुरू होतात, पुरुष थोड्या वेळाने.

*एकच माणूस बोलतो.* पुढच्या वेळी त्याला वेळ राखणारा करा.

*कोणीतरी रडलं.* पाणी द्या, पंखा लावा, चर्चा पाच मिनिटं थांबवा. कारण विचारू नका.

*कोणी सिनेमा न बघताच आलं.* बसू द्या, पण पहिल्या तीन फेऱ्यांत बोलायचं नाही. आमच्याकडे असे एक जण वर्षभर येत होते. परवा त्यांनी स्वतःहून 'रेझिन'ची संहिता मागून नेली, आणि रात्री साडेअकराला मेसेज आला, "ती आई घर सोडताना रोपासाठी परत आली. त्याला इतके दिवस पाणी कोण घालत होतं, कोणी लिहून घेतलंय का?"